न पाहिलेल्या शहराची एकेचाळीस कलमं

त्यांचं नाव प्रवाशांनी सूचनाबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. चौदा वर्षं एखादं काम मन लावून केलं की कामाचं नाव माणसाला चिकटतंच.

त्या ज्या प्रवासी कंपनीत नोकरीला होत्या ती छोटी होती. खाली चष्म्याचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, बाईंचं टेबल आणि एक झेरॉक्सचं मशीन. मागच्या खोलीत पंचवीस घडीच्या खुर्च्या. त्यातली एक मोडकी होती. तिच्यावर कुणी चुकून बसू नये म्हणून बाई सभेआधी स्वतःची पर्स तिच्यावर ठेवून द्यायच्या.

सभा म्हणजे निघण्याआधीची सभा. कंपनीची सगळ्यांत जास्त चालणारी सहल पूर्वेकडच्या एका अवाढव्य शहराची होती. कोटभर माणसांचं, जमिनीखाली आगगाड्या आणि जमिनीवर उंच इमारती असलेलं शहर. आपल्याकडून निघालेला माणूस तिथे उतरला की जत्रेत हरवलेल्या पोरासारखा होतो, असं मालक म्हणायचे. तो तसा होऊ नये म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी सगळ्यांना मागच्या खोलीत बसवून बाई तासभर बोलत.

"औषधं मूळ पाकिटातच न्यायची," त्या सुरुवात करत. "गोळ्या काढून डबीत भरायच्या नाहीत. तुम्हाला कळतं ही रक्तदाबाची आणि ही पित्ताची. तिथल्या अधिकाऱ्याला दोन्ही पांढऱ्याच दिसतात. डॉक्टरांची चिठ्ठी टाइप करून घ्या. डॉक्टरांचं अक्षर आपल्याला इथे वाचता येत नाही, तिथे कोण वाचणार?"

लोक हसत. मग त्या पुढच्या कलमावर जात. हॉटेलचं कार्ड त्यांच्या लिपीतलं, ते खिशात ठेवायचं, बॅगेत नाही. जमिनीखालच्या स्टेशनातून वर येण्याआधी दाराचा नंबर बघायचा, कारण एकेका स्टेशनला वीस-वीस दारं असतात आणि चुकीच्या दाराने वर आलात तर अर्धा कोस चालाल. नवे बूट नेऊ नका, पायांची चाळण होईल. खोल्या लहान असतात, मोठी बॅग उघडायला जमीन पुरत नाही. शाकाहारी असाल तर ते त्यांच्या भाषेत लिहिलेलं कार्ड मी देते, ते दाखवा, आणि त्यात रश्शाबद्दलची ओळ वेगळी आहे तिच्यावर बोट ठेवा, कारण वरून भाजी दिसली तरी खालचं पाणी मासळीचं असू शकतं. गाडीत फोनवर बोलू नका. रुमालाएवढी एक पिशवी जवळ ठेवा, कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही. चुकामूक झाली तर धावाधाव करू नका, आहात तिथेच थांबा.

अशी एकेचाळीस कलमं होती. ती एका दिवसात झालेली नव्हती.

बाई कंपनीत लागल्या तेव्हा त्यांचं काम टायपिंगचं होतं, सभा मालक घेत. मालकांची सभा दहा मिनिटांत आटपायची. "काही घाबरू नका, सगळं होतं," हे तिचं सार. एकदा एक निवृत्त चित्रकलेचे शिक्षक सहलीहून परतले ते थेट ऑफिसात आले. सर्दीसाठी नेलेल्या साध्या गोळ्यांवरून त्यांना विमानतळावर तीन तास थांबवून ठेवलं होतं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ती गोळी तिथे चालत नव्हती. बायको बाहेर बाकावर एकटीच बसून रडत होती, तिला कुणी काही सांगेना.

"सूचनापत्रकात लिहिलंय की," मालक म्हणाले.

मास्तरांनी खिशातून पत्रक काढून टेबलावर पसरलं. "दाखवा."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "नाही लिहिलेलं, साहेब. मीच टाइप केलंय."

मास्तर गेल्यावर मालक खूप चिडले. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या आहात, बाई?"

त्या संध्याकाळी बाईंनी मास्तरांच्या घरी फोन लावला, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, आणि सहज विचारलं, "मास्तर, आणखी काय सांगायचं राहून गेलं आमच्याकडून?" मास्तर निवळले. चाळीस मिनिटं बोलले. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सहा नवी कलमं टाइप केली.

तेव्हापासून तो परिपाठच झाला. परतलेल्या प्रत्येकाला आठवड्याच्या आत फोन. काय अडलं, कुठे चुकलात, काय सांगायचं राहिलं? सगळं एका जाड वहीत. माणसाला आपली फजिती सांगायला कुणीतरी हवंच असतं, आणि इथे तर समोरून विचारणारी बाई होती. लोक भरभरून सांगत. मालकांनीही हळूहळू सभा त्यांच्यावर सोपवली, कारण तक्रारी कमी झाल्या होत्या.

घरी त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. काचेची भांडी धुणं, लेबलं लावणं, गॅस बंद आहे ना हे तीनदा बघणं हा त्यांचा स्वभावच झालेला. बाई घरी वही घेऊन बसल्या की ते शेजारी बसून शेंगा सोलत. "आज कोण हरवलं?" असं विचारत. दोघांचा संसार असा आवाज न करता चाललेला. बाई स्वतः त्या शहरात कधी गेल्या नव्हत्या. कधी कुणी पाठवलं नाही, त्यांनीही कधी म्हटलं नाही. ऑफिसच्या नियमाप्रमाणे पासपोर्ट काढलेला होता. तो कपाटात साड्यांखाली कोराच्या कोरा पडून होता.

पंधराव्या वर्षी एका सभेला आठ बायका एकदम आल्या, तिकिटं काढण्याआधी नुसतं ऐकून बघायला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. एकाच एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं शेजारीशेजारी कानाला हेडफोन लावून बसलेल्या. त्यांच्या म्होरकीला बाकीच्या ट्रंककॉलवरून ट्रंकबाई म्हणत. साठी ओलांडलेली, ठेंगणीठुसकी, आवाज मात्र असा की खोलीतल्या पंख्याची घरघर मागे पडावी.

सभा संपल्यावर ट्रंकबाईंनी हात वर केला. "सगळं नीट कळलं. एकच विचारते, राग मानू नका. तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?"

मागे मालक उभे होते. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. बाईंना ती खूण कळली, दोन-तीनदा म्हणा, अशी ती होती.

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीत मागे रेलले, म्हणजे आता यांचं काय ऐकायचं अशा थाटात. ट्रंकबाई मात्र मान हलवत होत्या.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "गेलेला माणूस रस्ता सांगताना हात वळवतो. तुमचे हात टेबलावरून हलले नाहीत."

बाईंचे कान तापले. "जे सांगितलं ते सगळं गेलेल्यांकडून विचारून घेतलेलं आहे. त्यात मनाचं काही नाही."

"अहो, मी नावं नाही ठेवत. आम्ही आठ जणींनी तीस वर्षं शंभर गावांच्या लाइनी जोडल्या. त्यातली दहासुद्धा डोळ्यांनी पाहिली नाहीत. तरी कुठल्या गावाला पूर येतो आणि कुठल्या गावचा स्टेशनमास्तर बहिरा आहे ते आम्हाला ठाऊक."

सभा पांगली. मालक खालच्या आवाजात बरंच काही बोलले. एका वाक्याने कंपनीची अब्रू जाते वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्च्या घडी करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ट्रंकबाई एकट्याच जिना चढून आल्या आणि थेट मालकांसमोर बसल्या.

"आमची आठ तिकिटं. पण बरोबर या बाई हव्यात."

"त्या कधी जात नाहीत. आमचा टूर मॅनेजर आहे ना, तरुण आहे, नऊ वेळा जाऊन आलाय."

"मग त्याला वाट माहीत आहे. आम्हाला काळजी घेणारं माणूस हवंय. त्या येत असतील तर आठ, नसतील तर एकही नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाई झेरॉक्स मशीनजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या हातातले कागद संपले होते तरी मशीन चालू होतं.

घरी यजमानांना सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलायचे थांबले. "जा की," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गॅसचं मी बघेन."

सहा आठवड्यांनी, टूर मॅनेजरशिवाय, फक्त आठ जणींना घेऊन बाई विमानातून उतरल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पत्रक होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, दोरी लावून. आठ जणींच्या गळ्यात हॉटेलची कार्डं. तपासणीच्या रांगेत अधिकाऱ्याने ट्रंकबाईंची बॅग उघडायला सांगितली आणि गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली. ट्रंकबाईंनी टाइप केलेली चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली, एकदा पाकिटाकडे पाहिलं, आणि सगळं जसंच्या तसं परत ठेवून हलकेच मान लववली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाईंना त्या तीन तास अडकलेल्या मास्तरांची आठवण झाली. त्यांची मान जरा ताठ झाली.

हॉटेलात मात्र वेगळाच घोटाळा झाला. खोल्या खरंच लहान होत्या. पत्रकातलं सहावं कलम म्हणत होतं, मोठी बॅग नको. एकतिसावं म्हणत होतं, आठ दिवस पुरेल इतकं कोरडं खाणं जवळ ठेवा. आठही जणींनी दोन्ही कलमं पाळायचा प्रयत्न केला होता, म्हणजे कपडे कमी आणि डबेच जास्त. बॅगा उघडेनात. एकीने पलंगावर उभं राहून बॅग उघडली आणि डबे घरंगळत दाराबाहेर गेले. खाली कोपऱ्यावरच्या दुकानात केळी, दही, पाव, दूध, उकडलेले कणसाचे दाणे सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि ते चोवीस तास उघडं होतं.

"सूचनाबाई," दुसऱ्या पलंगावरून आवाज आला, "तुमचं सहावं आणि एकतिसावं एकमेकांशी बोलत नाहीत वाटतं."

बाईंना हसू आवरेना. चौदा वर्षांत ही दोन कलमं एकाच कागदावर होती आणि त्यांना कधी दिसलं नव्हतं की दोन्ही एकाच बॅगेत मावत नाहीत.

पहिला पूर्ण दिवस बाईंनी मोजण्यात घालवला. दर पाच मिनिटांनी आठ डोकी. सरकत्या जिन्यावर आठ, फलाटावर आठ, गाडीत आठ. गाडीत एक बाई पुटपुटली की खिडकीतून नदी दिसली, किती रुंद होती. बाईंनी नदी पाहिलीच नव्हती, त्या वेळी त्या सहाव्या डोक्याशी होत्या. संध्याकाळी त्यांचे डोळे चुरचुरत होते आणि विचारलं असतं तर शहर कसं आहे ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एका बागेत जायचं होतं. बाईंना पाठ होतं, दार क्रमांक सात, वर आलं की समोरच फाटक. सगळ्या सातच्या दाराशी पोचल्या. दार बंद. पत्र्याचा आडोसा आणि त्यावर हेल्मेट घातलेल्या कामगाराचं चित्र. दुरुस्ती चालू होती.

हे वहीत कुठेच नव्हतं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी माणसांचे लोंढे जात होते, कुणी धक्का देत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. बाईंनी गळ्यातलं पत्रक उलटंसुलटं केलं. आठ माणसं आपल्या भरवशावर आलीत आणि आपल्याला पुढचं पाऊल माहीत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

ट्रंकबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. "लाइन बंद आहे का?"

"हो."

"मग दुसरीकडून फिरवू. रोजचंच काम आहे ते. चला गं, अकरा नंबरने वर जाऊ, निदान ऊन तरी दिसेल."

अकरा नंबरने वर आल्यावर बाग नव्हती. एक साधी गल्ली होती. एका घराच्या कठड्यावर उशा वाळत घातलेल्या. एक आजी तांब्याएवढ्या झारीने दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती, एकेका कुंडीशी थांबून. पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, टपरीएवढं. दुकानदार उकिडवा बसून चाकाच्या तारा एकेक करून बोटाने वाजवत होता आणि कान लावून ऐकत होता.

आठांतल्या एकीचा गुडघा दुखायला लागला होता. ती भिंतीला टेकली. सायकलवाल्याने मान वर करून पाहिलं, आत गेला आणि दोन स्टुलं घेऊन आला. मग पुन्हा जाऊन एक उपडी बादली आणली आणि तिच्यावर फडकं अंथरलं. हातानेच बसा म्हणाला.

"बसू या का?" गुडघेवालीने बाईंना विचारलं.

पत्रकात अनोळखी माणसाकडून काही घेण्याबद्दल एक कलम होतं. बाईंना ते आठवलं. त्यांनी पत्रक पदराखाली सरकवलं आणि स्वतः बादलीवर बसल्या.

अर्धा तास त्या तिथे होत्या. ट्रंकबाई सायकलवाल्याशी शुद्ध मराठीत बोलल्या, तो त्याच्या भाषेत बोलला, आणि दोघांनाही त्यात काही अडचण आली नाही. त्याने तार वाजवून दाखवली, सैल कशी वाजते, ताणलेली कशी वाजते. आठही ऑपरेटर बायकांनी कान पुढे केले आणि सैल तार बरोबर ओळखली. तो इतका खूष झाला की त्याने झारीवाल्या आजीला हाक मारून ते दाखवायला बोलावलं. आजी आली, तिने सगळ्यांच्या साड्यांचे काठ बघितले, आणि बाईंचा काठ दोन बोटांत धरून बराच वेळ निरखला.

बाईंनी त्या वेळात एकदाही मोजलं नाही.

बाग दुपारी सापडली. ती चांगलीच होती.

त्या दिवशी हॉटेलात परतल्यावर सगळ्या पाय शेकत बसल्या असताना बाईंनी बॅगेतून वहीची झेरॉक्स काढली. पहिल्या पानापासून चाळली. पासपोर्ट हरवला. चुकीची गाडी. बूट चावले. पोट बिघडलं. रश्शात मासळी निघाली. शेवटची गाडी गेली. चौदा वर्षांतल्या सगळ्या माणसांच्या तोंडचं शहर त्यात होतं, आणि ते सगळं संकटांचं होतं.

"काय शोधताय?" ट्रंकबाईंनी विचारलं.

"इतकी माणसं इथून जाऊन आली. त्यातल्या एकालाही असा सायकलवाला भेटला नसेल?"

"भेटला असेल की. तुम्ही विचारलंत का?"

बाईंनी आठवून पाहिलं. "नाही. मी विचारलं, काय अडलं."

"मग ते तेच सांगणार. आमच्याकडे लोक तक्रारीसाठी एक नंबर फिरवायचे. त्या नंबरवर बसणाऱ्या बाईला वाटायचं, गावातला एकही फोन चालत नाही." ट्रंकबाईंनी पाय गरम पाण्यातून काढून पुसले. "तुमचा कागद वाईट नाही हो. माझ्या गोळ्या त्यानेच वाचवल्या. पण त्यात अडीअडचणी सोडून दुसरं काही नाही."

उरलेले दिवस बाईंनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदाच मोजलं. एकदा एक बाई खरंच मागे राहिली, तेव्हा ती दोन फलाटांच्या मधल्या बाकावर शांतपणे बसून केळं खाताना सापडली. "आहे तिथेच थांबले," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत." तेवढ्या वेळात तिने शेजारच्या शाळकरी मुलींकडून कागदाची बेडकी करायला शिकून घेतलं होतं.

परतल्यावर मालकांनी दारावर लावायला पाटी करून आणली, स्वतः प्रवास केलेल्या मार्गदर्शकांकडून सूचना, अशी. बाईंनी ती लावू दिली. मग त्यांनी पत्रक पुढे घेतलं आणि आठवडाभर खोडत बसल्या. मालकांच्या हातात आलं तेव्हा त्यात एकोणीस कलमं होती.

"बाकीची बावीस?"

"नऊ एकमेकांत बसत होती, ती जोडली. उरलेली भीतीपोटी घातलेली होती, साहेब. घाबरलेला माणूस कागदातच बघतो. मी स्वतः बघितलंय."

"आणि कुणी तक्रार घेऊन आला तर?"

"तर फोन माझ्याकडे द्या."

औषधांचं कलम पहिलंच राहिलं, अक्षरही न बदलता. दाराच्या नंबराचं राहिलं, त्याला एक ओळ जोडली गेली, दार बंद असेल तर दुसऱ्याने वर या, फारसं बिघडत नाही. सभेत हे वाक्य सांगताना बाईंचा हात आता आपसूक वर, डावीकडे वळायचा.

फोन करायची पद्धत चालूच राहिली. फक्त शेवटी आणखी एक प्रश्न आला, "आणि तिथलं काय डोळ्यांसमोर येतं?" एक कंत्राटदार, जे सगळं विमानाच्या उशिराबद्दल बोलत होते, ते या प्रश्नावर म्हणाले की एक माणूस जिन्याचा कठडा पुसत होता, खालपासून वरपर्यंत, आणि वर पोचल्यावर त्याने मागे वळून एकदा पाहिलं, नीट झालंय का. "मी काही सांगितलं नाही बायकोला," ते म्हणाले. "यात काय सांगायचं?" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन वर्षांनी, यजमान निवृत्त झाल्यावर, बाई त्यांना त्या शहरात घेऊन गेल्या. दोघंच. बाईंनी यजमानांना पत्रक दिलं नाही, औषधांचं तेवढं स्वतः बघितलं. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या चौकात दोघं पादचाऱ्यांच्या दिव्याशी थांबले. दिवा हिरवा झाला, चारी बाजूंनी शेकडो माणसं निघाली, मधोमध एकमेकांतून गेली आणि कुणाचा खांदा कुणाला लागला नाही. दिवा लाल झाला.

"चला," बाई म्हणाल्या.

"थांब जरा," ते म्हणाले. "पुन्हा एकदा बघू दे."

त्या थांबल्या. पाच वेळा दिवा हिरवा झाला.